श्रीलंका : आई-बाबांना झेपेल असा बेत सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन श्रीलंकेला जातोय. आईला अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचाच आहे, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने नेलेल्या फांदीपासून वाढलेला. बाबांचा जीव पोलोन्नरुवाच्या गल विहारात अडकलाय. एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्ती, त्यातली निजलेली तर सुमारे 14 मीटर लांब! दोन्हीकडे ऊन आणि अनवाणी चालणं, म्हणून मुक्काम दांबुलाला ठेवून एकेक दिवस द्यावा का? सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याच्या सुमारे 1200 पायऱ्या बाबांच्या गुडघ्यांना जमणार नाहीत. खालच्या बागा बघूनही समाधान होतं का? कँडी नक्की आहे. पुढे डोंगरातलं एल्ला की थेट समुद्रकिनाऱ्यावरचं गॉल? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.