टू पोस्ट कार लिफ्टसाठी गॅरेजचा कोबा किती जाड हवा?

प्रश्न:
घरच्या गॅरेजमध्ये टू पोस्ट लिफ्ट (दोन खांबांवर गाडी उचलणारी) बसवायचं चाललंय. मॅन्युअलमध्ये कमीत कमी ४ इंच जाड आणि ३००० पीएसआय (दाब सोसायच्या ताकदीचं माप) ताकदीचं काँक्रीट लागेल असं लिहिलंय. आमचा कोबा घर बांधतानाचा आहे, कुठे खचलेला नाही, मधोमध केसाएवढी एक भेग आहे तेवढीच. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो यावर ट्रक उभा केला तरी काही होणार नाही, पण वर चढवलेल्या गाडीखाली मी उभा राहणार आहे त्यामुळे मन मानत नाही. जाडी कळणार कशी? आणि कमी भरली तर वरून २ इंचाचा थर टाकून चालेल का?

उत्तर १:
ट्रकचं इथे लागूच होत नाही. ट्रक जमिनीला खाली दाबतो, टू पोस्टमध्ये गाडी खांबांतून आत आलेल्या लिफ्टच्या हातांवर तोललेली असते त्यामुळे दोन्ही खांब आत गाडीकडे झुकायला बघतात आणि बेसप्लेटचे (खांबाखालच्या लोखंडी पाटाचे) बाहेरच्या बाजूचे अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये ठोकलेले बोल्ट, वर उपटायला लागतात. काँक्रीट पातळ असेल तर अँकर एकटा निघत नाही, भोवतीचं काँक्रीट शंकूसारखं उचलून घेऊन येतो.

जाडी बघायला जिथे खांब येणार तिथेच १० मिमीचं भोक आरपार पाडा, तारेचं टोक काटकोनात वाकवून आत सोडा, खालच्या कडेला अडकवा आणि वर खूण करा. दारापाशी मोजू नका, तिथे कडेला बऱ्याचदा जास्त जाडी असते. टाइल्स आणि त्याखालचा माल ४ इंचात धरायचा नाही. वरून थर तर अजिबात नको, जुना नि नवा एकजीव होत नाही, अँकर नुसत्या वरच्या थरात बसल्यासारखा होतो.

उत्तर २:
माझ्याकडे नेमकं हेच झालं. डावीकडे ५ इंच निघाला म्हणून खूश होतो, उजवीकडे ड्रिल अडीच इंचावरच भसकन आत गेलं आणि राखाडी धूळ येत होती ती लाल झाली, म्हणजे खाली थेट मुरूम. वरून दोन्हीकडे फरशी एकसारखी दिसत होती!! शेवटी इंजिनियरकडून ड्रॉइंग घेतलं, दोन्ही खांबांखाली ४ बाय ४ फूट कापून १ फूट खोल खणलं, सळयांची जाळी टाकली, जुन्या कोब्यातही सळया घुसवल्या आणि एम२५ ग्रेडचं काँक्रीट ओतलं. एम२० का नाही, तर ३००० पीएसआय हा आकडा काँक्रीटचा गोल सिलिंडर दाबून तपासलेला असतो आणि एम ग्रेडचा चौकोनी क्यूब दाबून, त्याच काँक्रीटचा क्यूब जास्त आकडा दाखवतो, त्यामुळे एम२० कमी पडतं. आणि २८ दिवस पूर्ण होईपर्यंत अँकर मारू नका, कितीही घाई असली तरी.

उत्तर ३:
भेग कुठून जाते ते मापून घ्या. अँकरपासून भेग, जॉइंट आणि स्लॅबची कड किती लांब हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, त्यात तडजोड नको. स्लॅब पोस्ट टेन्शन (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर भोक पाडायच्या आधीच थांबा, त्यातली केबल तुटली तर जिवावर बेतेल. अँकरच्या भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने नीट काढा, आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) लावल्यावर नट फिरतोय पण टॉर्क चढत नाही असं झालं तर अँकरने पकड घेतलेलीच नाही, तिथे लिफ्ट चढवायची नाही. नुसती गाडी वर ठेवायची असेल तर फोर पोस्टचा विचार करा, वजन चार पायांवर वाटलं जातं आणि उपटण्याचा जोर जवळपास नसतो. काँक्रीट चांगलं मात्र त्यालाही लागतंच.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज भोकं पाडली, डावीकडे ११५ मिमी, उजवीकडे ८०. भेग उजव्या बेसप्लेटच्या खालूनच जाते. दोन्हीकडे तोडून नवीन ओततोय, लिफ्टची डिलिव्हरी महिनाभर पुढे ढकलली.