ड्रम कोअरचं ब्रास: गाणं की नुसता दणका?

खर्जातला (इंडियाना)

ड्रम कोअर म्हणजे पितळी फुंकवाद्यं (ब्रास) आणि ढोल-ताशे वाजवत मैदानावर कवायत करणारी तरुण पोरांची पथकं, उन्हाळ्यात त्यांची स्पर्धा असते. परवा 'तारसप्तक' यांनी त्यांच्या उन्हाळी वृत्तान्तात दोन ओळी टाकल्या आणि मोकळे झाले. ओळी अशा: "लेकाच्या हट्टापायी ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअरची फायनल बघितली. कवायत अफाट, पण ब्रास म्हणजे महागड्या कपड्यांतला लग्नाचा बँड. जोरात वाजवणं म्हणजे संगीत नव्हे." खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. तीन दिवस गप्प बसलो. आज रविवार, बायको माहेरी, त्यामुळे लिहितो.

तारसप्तक, तुम्ही बसला होतात कुठे? वरच्या मजल्यावर असाल तर तुम्ही ब्रास ऐकलंच नाही, त्याचे पडसाद ऐकलेत. छप्पर असलेलं फुटबॉल स्टेडियम आहे ते. समोरून एक सूर येतो, तोच मागच्या भिंतीवरून परत येतो, आणि आपण म्हणतो काय गोंगाट.

मी 2009 पासून, म्हणजे फायनल इथे आली तेव्हापासून, जवळपास दर ऑगस्टला जातो. शो सुरू होण्याआधी पार्किंगमध्ये जातो. त्याला 'लॉट'च म्हणतात. तिथे सत्तर-ऐंशी पोरं कमान करून उभी असतात. समोर कुणीतरी उलटी टोपी घातलेला शिकवणारा, बोटानं खूण करतो. खांद्यावरचे ट्युबा सा धरतात. बॅरिटोनवाले पंचम लावतात. मग मेलोफोनवर (फ्रेंच हॉर्नसारखं, मैदानात वाजवायचं ब्रास वाद्य) गांधार येतो, पेटीवरच्या गांधारापेक्षा केसभर खाली. तो बसला की एकदम सगळं स्थिर होतं आणि वर एक सूर ऐकू येतो, जो कुणीच वाजवत नसतं. खर्जाच्या तारेतून आपोआप गांधार निघतो ना, तेच. माझ्या हातातल्या कॉफीच्या कपावर तरंग उठलेले मी पाहिलेत. आणि आवाज 'जोरात' नव्हता हो, भरलेला होता.

आता मैदानावरचं. फुटबॉलचं मैदान पुढून मागे साधारण 49 मीटर. म्हणजे मागच्या टोकाचा आवाज पुढच्या कडेला यायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. लय 180 असेल तर ही जवळजवळ अर्धी मात्रा झाली. म्हणून पुढच्या पोरांनी हातवारे करणाऱ्याकडे बघून वाजवायचं नसतं, मागून येणाऱ्या ताशांच्या आवाजावर बसायचं असतं. हे सगळं उलटं चालत, पळत. तुमच्या कुठल्याही बुवांना शिवाजी पार्कच्या दोन टोकांना तबलजी आणि पेटीवाला बसवून द्रुत गायला सांगा. मग बोलू.

तारसप्तक (न्यू जर्सी)

बसलो होतो खालीच, पन्नास यार्डाच्या रेषेसमोर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर. तिकिटाचा आकडा सांगत नाही, घरात वाचतील.

तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये 'अवघड आहे' हे सहा प्रकारे लिहिलंय. अवघड आहेच. दोरीवर चालत भात कालवणंही अवघड आहे. आमचे गुरुजी अशा गाण्याला एकच वाक्य म्हणायचे, "तयारी आहे, गाणं नाही." सबंध उन्हाळा रोज दहा-बारा तास तीच बारा मिनिटं घोटायची, मग ती स्वच्छ येणारच. पण बारा मिनिटांत शोस्ताकोविचचा तुकडा, त्याला जोडून पॉप बॅलड, मग दणका, मग टाळ्यांसाठी थांबा. एक फ्रेज धड श्वास घेत नाही. आणि गुण! 2014 मध्ये ब्लू डेव्हिल्स या कोअरला शंभरपैकी 99.65 मिळाले. उरलेला 0.35 कुठल्या स्वरात राहिला हो? मल्लिकार्जुनांच्या मैफलीला कुणी दशांशात गुण दिले होते का?

बरं, गुणपत्रिका तरी बघा. 40 एकूण परिणामाला, 30 दृश्याला, 30 संगीताला. त्या तिसातही ब्रास, ताल आणि एकूण संगीत असे तीन वाटे, म्हणजे थेट ब्रासच्या पदरात 10. ज्यांचा खेळ आहे तेच सांगतायत की आमच्यात ब्रासला किंमत दहा टक्के.

आणि तो गांधार. पार्किंगमध्ये असेल. मैदानावर पुढे मारिम्बा, व्हायब्राफोन (दोन्ही पट्ट्यांवर ठोकून वाजवायची वाद्यं) आणि सिंथ मांडलेले असतात, सगळे पेटीच्याच ट्युनिंगचे. तिथे तुमचा केसभर खालचा गांधार जातो कुठे?

मेलोफोनची आई (ओहायो)

माझी मुलगी दोन उन्हाळे मेलोफोन वाजवत होती, म्हणून आयडीही तोच घेतला. दोघांनाही एक विचारते, त्या पोरांना जवळून बघितलंय का? शाळेच्या जिमच्या जमिनीवर झोपायचं, रात्री बसमधून पुढचं गाव, सकाळी परत मैदान. जुलैत भेटायला गेले तर ओठ सुजलेला, मानेवर उन्हानं सोललेली कातडी, आणि मला म्हणते, "आई, आज आमचा बी फ्लॅटचा कॉर्ड लागला." जेवली का विचारलं तर आठवेना. घरी असताना हिला कधी कुठल्या गोष्टीत एवढं रमलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण फीबद्दल कुणीच का बोलत नाही? काही हजार डॉलर्स, वर विमानाची तिकिटं, वर बूट. मी दोन वर्षं बेक सेलसाठी नानकटाया भाजल्या. आणि एका वर्षी आमच्या कोअरनं (नाव घेत नाही) मुलांना आठवडाभर दुपारी फक्त पीनट बटर सँडविच दिलं. संगीताचा दर्जा मग ठरवा, आधी पोरांना वरण-भात घाला.

जुना बिगुल (विस्कॉन्सिन)

ताई, नानकटायांबद्दल सहानुभूती. मुद्दा वेगळा आहे.

तारसप्तकांनी जे ऐकलं ते ड्रम कोअर नव्हेच. मी 1986 ला एमएससाठी इथे आलो. 1988 च्या उन्हाळ्यात रूममेटनं ओढत नेलं. मॅडिसन स्काउट्स हा कोअर, 'मालागेन्या' ही चीज. माझ्या पुढच्या रांगेतला म्हातारा उठून रडत होता. मलाही कळेना काय होतंय. त्याच वर्षी ते जिंकले. तेव्हा सगळे बिगुल जी पट्टीचे, आपल्या भाषेत पांढरी पाच. थोडे ओबडधोबड, सुरात ठेवायला कटकटीचे, पण काय तेज! 2000 पासून कुठलीही पट्टी चालेल म्हणाले, झाली काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट. 2004 ला माइक आले, 2009 ला सिंथ आला. आता ट्युबा फुंकतात पोरं, आणि पोटात जो हादरा बसतो तो स्पीकरमधून. ब्रासच्या दर्जाबद्दल भांडण्याआधी ती वायर काढा.

रिकामटेकडा

म्हणजे आजोबांच्या काळात सगळं छान होतं हे ड्रम कोअरमध्येही आहे. बरं वाटलं.

काळी पाच (ठाणे)

मला ड्रम कोअर की काय ते माहीत नाही, पण वर दोन सद्गृहस्थांनी 'पेटीच्या ट्युनिंगचे' असं हिणवून म्हटलंय. माझं नाव वाचा आणि मग बोला. पेटीला नावं ठेवायची फॅशन जुनी आहे. 1940 साली आकाशवाणीनं पेटी बंद केली होती, तीसेक वर्षं बंदी चालली. काय झालं? गाणाऱ्यांनी पेटी सोडली का? अप्पा जळगावकर, वालावलकर, तुळशीदास बोरकर यांच्या साथीनं कुणाचा गांधार बिघडला?

तारसप्तक

हिणवून नाही, वस्तुस्थिती आहे. सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पेटीचा शुद्ध गांधार 400 सेंट, तंबोऱ्याचा 386. चौदा सेंटचा फरक. अप्पा थोर होते कारण गायक गांधारावर उभा असताना हात कधी उचलायचा हे त्यांना कळायचं.

काळी पाच

आणि आमच्या ठाण्यातच डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी केली आहे, ती ऐका. चौदा सेंट म्हणे. तुम्ही सेंट मोजत बसा, आम्ही गाणं ऐकतो.

तारसप्तक

बावीस श्रुतींची पेटी करावी लागली यातच सगळं आलं.

काळी पाच

अमेरिकेत राहून आम्हाला पेटी शिकवू नका.

रिकामटेकडा

धाग्याचं नाव बदला रे कुणीतरी.

मांडवीकाठ (गोवा)

माझे आजोबा पॅरिश शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकले, मग मुंबईत बँडमध्ये ट्रम्पेट. घरात पेटीही होती, व्हायोलिनही. एक सांगतो. आजोबा पेटीबरोबर वाजवताना ओठ किंचित आवळायचे, व्हायोलिनबरोबर सोडायचे. विचारलं तर म्हणायचे, ज्याच्या घरी जेवायचं त्याच्या पद्धतीनं बसावं. ब्रासला ते करता येतं. मारिम्बाला नाही. म्हणून तारसप्तक यांचा प्रश्न बरोबर पण उत्तर सोपं. मारिम्बाचा ठोका विरून जातो, ब्रासचा कॉर्ड राहतो. राहतो तो आपल्या सुरात बसवायचा. सिंथ मात्र धरून बसतो, तिथे पंचाईत. आणि हो, लग्नाच्या बँडला शिवीसारखं वापरणं बंद करा. आमच्या घरात त्याच्यावर तिघांची शिक्षणं झाली.

खर्जातला

मांडवीकाठ, तुमच्या आजोबांच्या पाया पडतो. मला तीन परिच्छेदांत जमलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आणि बँडबद्दल मीच म्हणणार होतो. तारसप्तक पुण्याचे ना? मिरवणुकीत कधी प्रभात बँडसमोर उभे राहिला नाहीत?

आता तयारी आणि गाणं. 1993 चा स्टार ऑफ इंडियाना हा कोअर ऐका. आमच्या ब्लूमिंग्टनचे. बार्बरचं 'मीडिया' आणि बार्टोकचं तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं संगीत, ब्रासवर. टाळ्यांसाठी एक जागा सोडलेली नाही. मध्ये मध्ये इतकं हळू की स्टेडियममधली माणसं अस्वस्थ व्हायची. 97.3 मिळाले, प्रतिस्पर्धी कॅडेट्स कोअरला 97.4. एका दशांशानं हरले आणि ड्रम कोअर सोडून गेले. पुढे त्याच मंडळींचं 'ब्लास्ट!' ब्रॉडवेवर गेलं, 2001 मध्ये टोनी (नाट्यपुरस्कार) मिळालं. दहाव्या भागाच्या गुणांवर भांडता ना? हा घ्या दशांश.

तारसप्तक

म्हणजे ज्यांनी खरंच संगीत केलं ते हरले आणि ही स्पर्धा सोडून गेले. हे तुमच्या बाजूचं उदाहरण आहे की माझ्या?

खर्जातला

...ते मी पोस्ट केल्यावर माझ्या लक्षात आलं.

जुना बिगुल

1993 ला बिगुल पांढरी पाचचेच होते आणि माइक नव्हते. फक्त नोंद.

मेलोफोनची आई

कॅरोलायना क्राउन या कोअरचं 2013 विसरलात सगळे? फिलिप ग्लासचं संगीत, त्या वेगात तिहेरी टंगिंग (जिभेनं झपाझप स्वर तोडणं), आणि जिंकले. हरावं लागतं असं काही नाही. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ते बघूनच तिनं मेलोफोन मागितला. म्हणजे माझ्या नानकटायांना क्राउन जबाबदार.

तारसप्तक

ठीक आहे. काल रात्री तो 1993 चा शो हेडफोन लावून ऐकला, दोनदा. मधला हळू भाग खरोखर श्वास घेतो. एवढा एक शो तुमच्या खात्यात, बाकी पन्नास वर्षं माझ्याकडे राहू द्या. आणि लग्नाच्या बँडबद्दलचं वाक्य मागे घेतो, ते मांडवीकाठच्या आजोबांसाठी, तुमच्यासाठी नव्हे.

पण मागचे ढोल-ताशे तेवढे गप्प केले असते तर अजून चांगलं ऐकू आलं असतं.

खर्जातला

अहो, ते गप्प केले तर पुढच्यांनी मात्रा कुणाकडून घ्यायची? पहिली पोस्ट वाचलीत तरी का?

तारसप्तक

तिसऱ्या परिच्छेदापर्यंत. पुढच्या ऑगस्टला लेक परत मागे लागलाय. लॉटमध्ये किती वाजता यायचं?

काळी पाच (ठाणे)

मला कुणी उत्तर दिलेलं नाही. अप्पांच्या साथीनं कुणाचा गांधार बिघडला?