परदेशप्रवासात बागेत बसून साधे, स्वस्त जेवण करता येईल का?

प्रश्न: आम्ही उभयता लवकरच जर्मनी आणि इटलीला जाणार असून दोन्ही वेळा उपाहारगृहात जेवणे आमच्या खिशाला परवडणारे नाही. दुपारचे जेवण बाजारातून आणून बागेत करायचे झाल्यास काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद १: अवश्य करावे; शहराची खरी ओळख अशाच निवांत दुपारी होते, असे मला मनापासून वाटते. सकाळच्या बाजारातून ताजा पाव, टोमॅटो, हंगामी फळे आणि चीजचा तुकडा घेतला की दोघांचे जेवण होते. चीज वजनावर कापून देतात, त्यामुळे दुकानदाराने सुरी टेकवली की बोटाने जाडी दाखवून हवे तेवढेच मागावे. चाकू नेणार असाल, तर तो विमानात चेक-इनच्या सामानातच ठेवावा.

प्रतिसाद २: जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे शनिवारीच खरेदी उरकावी, अन्यथा मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकानांवरच भिस्त ठेवावी लागते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर घेतलेली २५ सेंटची अनामत रिकामी बाटली सुपरमार्केटमधील यंत्रात टाकल्यावर परत मिळते.

प्रतिसाद ३: इटलीत मात्र जागा पाहूनच बसावे. रोममधील स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून नुसते बसण्यासही मनाई आहे आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकात जमिनीवर बसून खाल्ल्यास दंड होतो. त्यापेक्षा रोममधील व्हिला बोर्गेझेची विस्तीर्ण, सावलीची बाग उत्तम. शिवाय शहरभर रस्त्यांवरील नळांना पिण्याचे पाणी विनामूल्य मिळते, म्हणून रिकामी बाटली जवळ असू द्यावी.