आरएक्स १००, आरएक्स १३५ की शोगन? चोर्ला घाटासाठी कुठली घेऊ?

तिसरं_गेट:
मंडळी एक जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलबरोबर ऑइल जाळणारी) बाईक घ्यायचीय, लई दिवसांपासून डोक्यात बसलंय. तीन हेरून ठेवल्यात. खानापुरात ९४ ची यामाहा आरएक्स १००, रंग नवाकोरा, सव्वा लाख सांगतोय आणि एक रुपया सोडायला तयार नाही. कोल्हापुरात यामाहाचीच आरएक्स १३५ पाच गिअरवाली, एमएच ०९ पासिंग. गडहिंग्लजला सुझुकीची शोगन आहे म्हणे, ती अजून बघितली नाही. ऑफिसला न्यायची नाही, रविवारी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्यानं खाली गोव्यात उतरायचं आणि संध्याकाळी परत, एवढंच. बाबांकडं आरएक्स होती म्हणून मन तिकडं ओढतंय पण मित्र म्हणतोय नावाचे पैसे देऊलालास. काय करू सांगा की.

बोअर_पिस्टन:
मित्र खरं बोलतोय. आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, ११ बीएचपी, ८५ ला आली ९६ ला बंद झाली. गाडी शंभर किलोच्या आसपास म्हणून गावात उडते, तीच मजा, पण गिअर चारच. शोगन १०८ सीसीत १४ बीएचपी देते पण ती ताकद सगळी वर, आरपीएम पडला की मागं बसलेला माणूस विचारतो उतरू काय. घाटाला १३५ पाच गिअरच बरी, तीही १४ बीएचपी आणि खालनं ओढ आहे.
आणि रंग बघून भुलू नको. मॅग्नेट कव्हर खोलून मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं फिरतं चाक) दोन्ही हातांनी धर आणि वरखाली हलव, जरा जरी सैल लागला तर मेन बेअरिंग गेलं समज. थंड इंजिनला पहिल्या किकला पांढरा धूर येणारच, पण गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लच बाजूचं क्रँक सील ऑइल ओढूलालंय. मॅग्नेटकडचं सील गेलं तर उलटं, हवा घेते, आयडल आपोआप चढतं आणि एक दिवस पिस्टन जाम. क्रँकचं काम निघालं तर उद्यमबागेत होतंय, आपल्या गावाला त्याची ददात नाही, पण मग ते पैसे किमतीतनं आधीच काप.

चिकोडी_एक्सप्रेस:
इंजिनचं नंतर बघा हो, आधी कागद. कोल्हापूरची घेतलास तर एनओसी, मग इकडं परत लाइफ टॅक्स भरून केए म्हणजे कर्नाटक पासिंग. आरसीची १५ वर्षं कधीच संपली असणार, पुढं दर ५ वर्षांनी रिन्यू केलीय का बघ. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घास आणि आरसीशी अक्षर अक्षर जुळव. माझ्या एका गाडीचा ३ चा ८ झाला होता, दीड वर्ष हेलपाटे.

रोडकिंग२५०:
आपल्याच राज्यात म्हैसूरला बनलेली येझदी सोडून हे काय जपानी खूळ 😀 असो. एक सांगतो, चोर्ला उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडू नका. यामाहाचा ऑइल पंप थ्रॉटल केबलला जोडलाय, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइल नावाला आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. मध्येमध्ये क्लच दाबून एक रेस द्यायची. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग तसंही नाही, ब्रेकचे ड्रम तापले की लिव्हर मऊ लागतो, तिथंच थांबून चहा घ्या.

बोअर_पिस्टन:
+१. आणि आवाजासाठी सायलेन्सर कापलेली असेल तर हातच लावू नको. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या आकारानं प्रेशर माघारी येऊन ताजा चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) सिलिंडरमध्ये परत ढकलला जातो, तो कापला की आवाज मोठा आणि पिकअप गुल.

तिसरं_गेट:
काल खानापूरला जाऊन आलो. मॅग्नेट कव्हर खोलूया म्हटलं तर मालक म्हणतो "घ्यायची तर घे, खोलायचं नाही". नमस्कार केला आणि आलो. तिथनं तसाच कोल्हापूर. १३५ चा मॅग्नेट घट्ट आहे, चेसिस नंबर जुळला, सायलेन्सर ओरिजिनल. फक्त ऑइल पंप काढून प्लेट मारलीय, पेट्रोलमध्येच ऑइल घाला म्हणतोय. चालेल काय?

बोअर_पिस्टन:
चालतंय की. लिटरला २५ मिली घाल, मापाची बाटली डिकीत ठेव म्हणणार होतो पण डिकी कुठली, जॅकेटच्या खिशात ठेव. पावसाळ्यात उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा कर, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी धरतंय. पंप नाही म्हणून पाच हजार कमी माग.

तिसरं_गेट:
तीन हजार कमी केले त्यानं. पुढच्या रविवारी आणायला जायचंय, कुणी येतंय काय? परतताना निपाणीत जेवण माझ्याकडून.