जेड अस्ताव्यस्त वाढलंय, आत्ता छाटू की दसऱ्यापर्यंत थांबू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लातूरला राहते. गॅलरीतल्या जेडबद्दल विचारायचंय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं, कारण प्रकरण घरगुतीसुद्धा आहे.

झाड कमरेएवढं, सिमेंटच्या बारा इंची कुंडीत. खोड खालून निम्मं बोडकं आणि वर सगळा पसारा, तोही एकाच बाजूला, रस्त्याकडं, कारण ऊन तिकडूनच येतं. दोन फांद्या ग्रिलमधून बाहेर निघून खालच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांना टेकायलात. मध्ये वारं सुटलं तेव्हा कुंडी कलंडली, म्हणून सध्या सुतळीनं ग्रिलला बांधून ठेवलीय.

खालची पानं पिवळी पडून गळायलीत. नुसतं बोट लावलं तरी टपटप पडतात. शेंड्याची नवी पानं फिकी आणि दूर दूर. एका बेचक्यात पांढरं, चिकट काहीतरी बसलंय. माती गावाकडून पोत्यात आणलेली, शेतातली काळी. पाणी घातलं की कुंडीच्या कडेनं सर्रकन उतरतं आणि ताटलीत साचतं. पाणी बोअरचं, त्यामुळं कुंडीला बाहेरून खार चढलाय.

आता घरगुती भाग. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात गॅलरीतला गुलाब गेला, मोगरा गेला, हे एकटं तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तगलं. तेव्हापासून ते सासूबाईंचं. कात्री काढली की म्हणतात, "दुष्काळ काढलेलं झाड, आता त्याला कापायलीस व्हय?" म्हणजे मी छाटलं आणि ते बसलं, तर मला या घरात तोंड दाखवायची सोय नाही.

किती कापू? भाद्रपद चालू आहे, पाऊस अधूनमधून येतोच. आत्ताच करू की दसऱ्यानंतर? माती बदलणं आणि छाटणी एकदम चालेल का? कापलेल्या काड्या लागतील का? आणि जखमेवर काय लावायचं? यूट्यूबवर कोणी हळद सांगतं, कोणी दालचिनी, कोणी मध. स्वयंपाकघरच रिकामं व्हायचं.

माळवदावरची बाग, परभणी:
ताई, आधी पान बघा. नखाएवढं, गोलसर, आणि काडी तांबूस असेल तर ते पोर्तुलकारिया. आपल्याकडच्या नर्सरीत बहुतेक वेळा जेड म्हणून तेच मिळतं. खरं जेड म्हणजे क्रासुला, त्याचं पान मोठं आणि गुबगुबीत. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली. पोर्तुलकारिया तिकडं हत्ती ओरबाडून खातात, आणि मोडून पडलेली फांदी जमिनीला टेकली की तिथंच मूळ धरते. सासूबाईंना सांगा, हत्तीला पुरून उरणारं झाड आहे, सुनेच्या कात्रीला काय भिणार.

पण मला काळजी छाटणीची नाही, मुळांची वाटते. खोड मातीलगत चिमटीत दाबून बघा. घट्ट लागलं तर निभावलं, मऊ लागलं तर कूज आहे. पानांवरूनही कळतं. माती कोरडी असून पानं सुरकुतली तर नुसती तहान, पण माती ओली असूनही सुरकुतली तर मुळं गेलीत. तुमची काळी माती कापसाला, सोयाबीनला चांगली. कुंडीत ती वाळली की आकसते, कडेपासून सुटते, आणि पाणी त्या फटीतून निघून जातं. मधला गोळा कोरडा, तळाला मात्र चिखल. वर ताटलीत पाणी उभं. ती ताटली आजच काढा.

मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या मधे. आत्ता हवेत ओल आहे, जखम लवकर वाळत नाही. त्याहून उशीर नको, कारण डिसेंबरात आपल्याकडं रात्री पारा दहाच्या खाली येतो आणि फूट अडते. हुकलंच तर सरळ फेब्रुवारी. तोवर उघडीप बघून ग्रिलबाहेरच्या दोन फांद्या तेवढ्या काढा, तोल सावरेल.

कापताना काडीवर आडव्या रेषा दिसतील, ती पेरं. पेराच्या किंचित वर कापायचं. तिथून समोरासमोर दोन फुटवे येतात, बोडक्या फांदीलाही येतात. काप आतून हिरवट-पांढरा आणि घट्ट दिसला पाहिजे. तपकिरी, बुळबुळीत असेल तर स्वच्छ गाभा लागेपर्यंत खाली या. जखमेला काही लावू नका, कोरडी राहू द्या. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. झाड याहून जास्त सोसतं, पण तुम्हाला मातीही बदलायचीय. आधी छाटणी, नवी फूट दिसली की माती.

वीत-वीत काड्या घ्या, खालची पानं काढा, सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या, मग लावा. पहिला आठवडा पाणी नाही. नुसत्या पानावर भरवसा ठेवू नका. क्रासुलाचं पान लागतं, याची काडीच लावावी.

गच्चीवाला, नांदेड:
एवढा विचार कशाला? मी ऐन आषाढात छाटतो. तोडायचं आणि बाजूच्या कुंडीत खोचायचं. आजवर एक काडी मेली नाही.

माळवदावरची बाग, परभणी:
दादा, तुमच्या कुंड्या पत्र्याखाली आहेत, फोटो टाकला होता तुम्ही. ताईंच्या गॅलरीत पाऊस आत येत असणार.

एक वाचक, अंबाजोगाई:
बेचक्यातलं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. तिथं मुंग्यांची ये-जा असेल तर नक्कीच, त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात. मेडिकलमधलं स्पिरिट कापसाच्या बोळ्याला लावून पुसून काढा, काही दिवसांनी परत बघा. हे छाटणीच्या आधी करा, नाहीतर नव्या काड्यांबरोबर तो नव्या कुंडीत जाईल. माती बदलताना मुळांनाही पांढरं दिसतंय का बघा, तिथंही दडतो.

मूळ प्रश्न विचारणारी:
सगळ्यांचे आभार. पान नखाएवढंच आहे, खोडही घट्ट लागलं. मुंग्या होत्याच. ताटली काढली. हत्तीचं वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग हत्तीलाच बोलाव की." पण दोन फांद्यांना कबूल झाल्यात. अट एकच, कुंडी तीच राहिली पाहिजे. चालेल का? आणि माती कशी करू? इथं जवळ वीटभट्टी आहे, तुकडे मिळतील.

माळवदावरची बाग, परभणी:
तीच चालेल. तळाचं भोक मोकळं करा, खार घासून काढा. दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. काळी माती घालायचीच असेल तर मूठभर. तुकडे हरभऱ्याएवढे करा आणि चाळून घ्या. खाली पडलेली विटांची पूड कुंडीत घालू नका, ओली झाली की चिखल होऊन भोक बुजवते.