५० मिमी लिफ्ट केलेल्या एसयूव्हीला कंपनीच्याच रिमवर २८५/७० आर१७ बसतील का?

चिखलवाट

लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली) एसयूव्ही आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सलग ॲक्सल, पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह. लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं) ५० मिमी: पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडाच्या) डोक्यावर स्पेसर, मागे उंच स्प्रिंग. रिम कंपनीचे, १७ x ७.५ (इंचांत व्यास x रुंदी), ऑफसेट (रिमची हबला टेकणारी बाजू मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे) ३०. सध्या २६५/६५ आर१७ टायर आहेत (रुंदी २६५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची).

रिम न बदलता २८५/७० आर१७ ऑल-टेरेन घालायचे आहेत. ७.५ इंची रिमला ते रुंद होतील का? लिफ्ट असताना घासतील का, आणि घासले तर नेमके कुठे? दुकानदार २५ मिमीचे व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) सुचवतोय. ते लावावेत का? २६५/७० हा दुसरा पर्याय डोक्यात आहे.

ऑफसेट३०

आधी मापं मांडतो, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

२६५/६५ आर१७ चा व्यास ७७६ मिमी, २६५/७० चा ८०३, २८५/७० चा ८३१. म्हणजे २८५/७० घातल्यावर व्यास ५५ मिमीने वाढतो आणि गाडी त्याच्या निम्मी, साधारण २७ मिमी, उचलली जाते. मागच्या डिफरन्शियलची (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याची) जमिनीपासूनची उंची फक्त याच २७ मिमीने वाढते. लिफ्टने बॉडी आणि फ्रेम वर जाते, सलग ॲक्सल होता तिथेच राहतो. मोठे टायर घालण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे.

रिमची रुंदी: २८५/७० आर१७ ला साधारण ७.५ ते ९ इंच रिम चालतो. तुमचा रिम अगदी खालच्या टोकाला आहे, पण मर्यादेत आहे. घेण्याआधी त्या विशिष्ट टायरच्या माहितीपत्रकात तपासा. टायरची छापील रुंदी, म्हणजे सुमारे २९२ मिमी, ही ८.५ इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच अरुंद झाला की टायर साधारण ५ मिमी आक्रसतो, त्यामुळे तुमच्याकडे तो २८२ च्या आसपास भरेल. सध्याचा टायर याच रिमवर २६७ च्या आसपास असतो. फरक १५ मिमीचा, म्हणजे आत साडेसात आणि बाहेर साडेसात.

आतल्या बाजूला ते साडेसात मिमी कुठे जातात ते आजच बघून घ्या. टायर आणि नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या, स्टीअरिंगने वळणाऱ्या भागाच्या) वरच्या मानेमध्ये, जिथे वरचा बॉल जॉइंट बसतो, करंगळी सहज जाते का? १५ मिमी किंवा जास्त जागा असेल तर निर्धास्त राहा. १० मिमीच्या आत असेल तर २८५ चा नाद सोडा.

अरुंद रिमवर टायरची कड फुगते आणि ट्रेड (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) मधोमध किंचित गोल होतो. स्टीअरिंगचा प्रतिसाद थोडा मंदावतो, आणि हवा जास्त ठेवली तर मधला पट्टा लवकर झिजतो. एक फायदाही आहे: हवा कमी करून वाळूत-चिखलात चालवताना अरुंद रिमवर बीड (टायरची रिमला धरणारी आतली कडा) जास्त घट्ट धरून राहते.

बंपस्टॉप

वर मापं चोख दिली आहेत. मी फक्त लिफ्टबद्दलचा गैरसमज दूर करतो, कारण मोठ्या टायरच्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

लिफ्ट केल्यावर गाडी उभी असताना मडगार्ड आणि टायरमध्ये भरपूर जागा दिसते. पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं जातं तेव्हा चाक बंप स्टॉपपर्यंत (वरची चाल रोखणाऱ्या रबरी अडसरापर्यंत) वर जातं. बंप स्टॉप कंपनीचाच असेल तर ती जागा लिफ्टच्या आधी होती तीच राहते. म्हणून टायर केवढा बसेल हे पूर्ण दाबलेल्या सस्पेन्शनवर आणि पूर्ण वळवलेल्या स्टीअरिंगवर ठरतं.

पुढचं चाक घासतं ते क्रमाने असं:

१. चाकाच्या मागचा फेंडर लायनर (चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) आणि मडफ्लॅप.
२. लायनरच्या आड, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) खाली, पत्र्याच्या दोन थरांची उभी वेल्ड केलेली कड.
३. त्याच्याही खाली फ्रेमवरचा बॉडी माउंट (बॉडी फ्रेमला जोडणारा आधार). रिव्हर्समध्ये पूर्ण वळवून गाडी घेताना हा हमखास लागतो.
४. पुढे बंपरचा खालचा कोपरा.
५. आतून, पूर्ण लॉकवर (स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून), अँटी-रोल बार (गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) किंवा खालचा आर्म.

आता स्पेसर. २५ मिमी स्पेसर लावला की ऑफसेट ३० वरून ५ वर येतो. आतली जागा वाढते, पण चाक वळण्याच्या अक्षापासून लांब जातं आणि वळताना मोठं वर्तुळ घेतं. त्यामुळे २, ३ आणि ४ या तिन्ही जागा जास्त घासतात. स्क्रब रेडियस (जमिनीवर टायरचा मध्य आणि वळण्याचा अक्ष यांतलं अंतर) वाढतो, खड्ड्यात स्टीअरिंगला झटके बसतात, व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो. कंपनीच्या रिमचा जास्त ऑफसेट मोठ्या टायरसाठी चांगलाच आहे. आतून नकलला लागत नसेल तर स्पेसर लावूच नका.

अलाइनमेंट करताना कास्टर (वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढवायला सांगा, पण कसा ते महत्त्वाचं आहे. लिफ्टमुळे कास्टर कमी झालेला असतोच. खालच्या आर्मचा मागचा कॅम बोल्ट (फिरवून आर्म सरकवता येणारा बोल्ट) बाहेर आणि पुढचा आत घेतला की खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो. कास्टर वाढतो आणि अख्खं चाकही काही मिलिमीटर पुढे येऊन बॉडी माउंटपासून सुटतं. बदली वरच्या आर्मने कास्टर मिळवला तर वरचा बॉल जॉइंट मागे जातो आणि चाक उलट किंचित मागे सरकतं. दोन्ही वेळा मशीनवरचा आकडा एकच दिसतो, घासण्यात मात्र फरक पडतो.

चिखलवाट

नकलजवळ १८ मिमी जागा भरली, म्हणजे स्पेसर रद्द. पूर्ण दाबलेल्या अवस्थेची तपासणी घरच्या घरी कशी करायची? आणि ती वेल्डची कड ठोकणं सुरक्षित आहे का?

बंपस्टॉप

एकच मोठा टायर पुढच्या एका चाकावर चढवून बघा, पाचही विकत घेण्याआधी. दोन्ही बाजूंच्या अँटी-रोल बारच्या लिंक सोडा. स्ट्रट काढून त्याची स्प्रिंग उतरवा आणि स्ट्रट स्पेसरसकट परत बसवा. स्प्रिंग उतरवायला योग्य कंप्रेसर हवाच; दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतते, म्हणून सवय नसेल तर हे वर्कशॉपमध्येच करा. गाडी फ्रेमखाली स्टँडवर ठेवा आणि खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक वर न्या, बंप स्टॉप दबेपर्यंत. दर २५ मिमीला थांबून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जिथे जागा कमी वाटते तिथे मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीच्या गोळ्या चिकटवा. चाक फिरून गेल्यावर गोळीची उरलेली जाडी मोजा. १० मिमीपेक्षा पातळ झाली तर ती जागा मोकळी करायला हवी, कारण चालत्या गाडीत टायर आणि बुश दोन्ही लवचतात.

वेल्डची कड: लायनर काढा, कडेवर शक्य तिथे खाचा न करता जड हातोड्याने ती मागच्या पत्र्यावर सपाट बसवा. मागच्या बाजूने वायरिंग किंवा पाइप जात नाही ना, ते आधी बघा. ग्राइंडरने कड कापू नका, दोन पत्र्यांना धरून ठेवणारे स्पॉट वेल्ड तिथेच असतात. नंतर उघड्या पत्र्यावर प्रायमर, सीम सीलर आणि रंग, याच क्रमाने. हे टाळलं तर कडेच्या फटीत पाणी शिरून गंज आतून चढतो. लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबा आणि त्याच जागी क्लिप मारा.

एवढं करूनही वरून लागत असेल तर बंप स्टॉप २० मिमीने लांब करा. सस्पेन्शनची वरची चाल तेवढी कमी होते, हे गृहीत धरा.

हवा_पाणी

दोन गोष्टी राहिल्या.

लोड आणि हवा. तुमच्या सध्याच्या टायरवर ११२ लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) असेल तर क्षमता ११२० किलो. २८५/७० बहुतेक एलटी (लाइट ट्रक, जास्त मजबूत) बांधणीत मिळतो, १२१ म्हणजे १४५० किलो, पण ती क्षमता ८० पीएसआयच्या आसपास. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरचा आकडा तसाच लावू नका. त्याच्यावर ४ ते ६ पीएसआयने सुरुवात करा, मग ट्रेडवर आडवा खडूचा जाड पट्टा ओढून सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर सरळ चालवा. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, कडांचाच पुसला तर कमी. लोड तक्त्यात तुमच्या ॲक्सलच्या वजनाला जी किमान हवा दिली आहे, तिच्याखाली रस्त्यावर कधीच उतरू नका.

गिअरिंग आणि वजन. व्यास ७ टक्क्यांनी वाढला की ३.९ चा फायनल रेशो (ॲक्सलमधलं शेवटचं गिअर-प्रमाण) ३.६४ असल्यासारखा वागतो. त्यात एलटी टायर प्रत्येकी सात-आठ किलो जड. चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वारंवार गिअर बदलतो, आणि ब्रेकला तेच चाक थांबवायला जास्त जोर लागतो. बॉडी माउंट कापायची वेळ येणार असेल, तर माझं मत सरळ २६५/७० च्या बाजूने: व्यासात ३.४ टक्के वाढ, रुंदी तीच, आणि घासलंच तर लायनरपुरतं.

चिखलवाट

स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली तर चालेल?

ऑफसेट३०

नाही. पाचही एकाच मापाचे घ्या. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढचे-मागचे ॲक्सल ट्रान्सफर केसमध्ये (दोन्हींकडे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) जखडलेले असतात. एक चाक ७ टक्क्यांनी लहान असेल तर कोरड्या रस्त्यावर साखळी आणि शाफ्टवर पीळ चढतो. मागे लिमिटेड स्लिप (एकाच चाकाचं मोकळं फिरणं रोखणारं डिफरन्शियल) असेल तर त्याच्या क्लचपट्ट्या तापतात. नाइलाजाने लहान स्टेपनी वापरावी लागली तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये, ती पुढे लावून, हळू आणि थोड्या अंतरासाठीच. ८३१ मिमीची स्टेपनी गाडीखाली सायलेन्सर आणि बंपरच्या मध्ये मावते का, तेही त्या पहिल्या टायरवरच तपासून घ्या. गाडीतला जॅकही पुरतो का बघा. चाक मोठं आणि सस्पेन्शन उंच, त्यामुळे जॅक फ्रेमला लावत असाल तर तो बहुधा आखूड पडेल.

बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. स्पीडोमीटर जीपीएसशी ताडून पाहा. बरेच मीटर मुळातच वेग थोडा जास्त दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्ष चूक ७ टक्क्यांपेक्षा कमी निघू शकते. ओडोमीटर मात्र आता कमी मोजेल: १०,००० दिसतील तेव्हा जुन्या हिशेबाने १०,७०० झालेले असतील. ऑइल बदलताना आणि ॲव्हरेज काढताना ते धरा. तुमच्याकडच्या वाहन नियमांत आणि विम्यात हे माप बसतं का, ते टायर घेण्याआधी लेखी विचारून ठेवा.