जास्वंदीच्या कुंडीतून सरड्याची पिल्लं निघालीत, काय करू?

जास्वंदी_वाई:
आमचं वाईला जुनं घर आहे, मागे अंगण. आषाढात जास्वंदीची कुंडी बदलायला घेतली तर मातीत पांढरी, लांबट, मऊ कातडीची अंडी लागली. तेरा होती. मी घाबरून माती परत ओढली आणि कुंडी तिथेच राहू दिली, पाणीही बेताने घातलं. काल सकाळी काठावर बोटाएवढं पिल्लू, मान वर करून बसलेलं! दुपारपर्यंत सात मोजली. एक धुण्याच्या बादलीत पडलं होतं, ते पानावर घेऊन काढलं. अजून निपचित आहे.

मुलगा सहावीत आहे, तो म्हणतो बुटाच्या खोक्यात ठेवू आणि मुंग्या घालू. सासूबाई म्हणतात विषारी असतात, बाहेर टाक. शेजारी दोन मांजरं. मला ही पिल्लं जगायला हवीत. खायला काय देऊ? यांची आई येते का परत?

कुंपणकर:
ताई, माती परत ओढलीत तिथेच मोठं काम केलंत. अंडी काढून उलटीपालटी ठेवली असतीत तर आतला जीव दगावला असता.

आई येणार नाही. मादी खड्डा उकरते, अंडी घालते, माती लोटून निघून जाते. पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतात. बारीक मुंग्या, चिलटं, नाकतोड्यांची पिल्लं, हे सगळं त्यांना तुमच्या अंगणात मिळतं. खोक्यात मात्र ती टिकणार नाहीत. त्यांना ऊन लागतं, अंग तापल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही. वाटीतलं पाणीही त्यांना बहुधा कळत नाही, ती पानावरचे थेंब चाटतात. उघडीप असेल तेव्हा सकाळी पानांवर पाणी शिंपडा, पुरे. दूध, साखरपाणी काही नको.

बादलीतलं पिल्लू कोवळ्या उन्हात ठेवा, शेजारी सावली असू द्या. अंग गरम झालं की पळेल. बादल्या उपड्या करा, टाकीत काठापर्यंत येणारी एक काठी तिरकी सोडा.

सासूबाईंना सांगा, सरड्याला विष नाही. मी संगमेश्वरचा. लहानपणी आम्हाला सांगायचे की तो लांबूनच माणसाचं रक्त ओढतो. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो, त्यावरून निघालं असावं ते. त्या पायी आम्ही पोरांनी किती सरडे दगडांनी मारले, आजही आठवलं की वाईट वाटतं. तुमच्या मुलाला खोक्याऐवजी वही द्या, रोज कुठे किती दिसले ते लिहू दे.

मांजरांवर उपाय दाट झुडूप. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण ते कुंपणच आपण काढून पत्रे ठोकतो. मेंदी, अडुळसा असेल तर यंदा छाटू नका.

ठाणेकर_मी:
आमच्याकडे पालीचं पिल्लू उंदराच्या चिकट पुठ्ठ्याला अडकलं होतं. ओढू नका, कातडी निघते. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब गोडंतेल सोडत गेले, अर्ध्या तासाने सुटलं. शेपटी तिथेच राहिली, पण पालीला ती परत येते. सरड्याची तशी येत नाही, म्हणून त्याला शेपटीला धरून उचलू नये.

रानवाट:
लाल शेपटीचं, गुळगुळीत अंगाचं पिल्लू दिसलं तर तेही मारू नका. ती सापसुरळी, काही जण सापाची मावशी म्हणतात. तिलाही विष नाही. गेल्या वर्षी आमच्या गड्याने साप समजून ठेचली, मी दोन मिनिटं उशिरा पोचले.

जास्वंदी_वाई:
बादलीतलं पिल्लू नऊच्या उन्हाला उठून मेंदीत गेलं! मुलाने तारीख घालून लिहिलं. सासूबाई लांबून का होईना, बघत होत्या. आता एकच विचारते. जास्वंदीला पिठ्या ढेकूण झालाय, औषध आणून ठेवलंय. मारू का?

कुंपणकर:
आत्ता नको. विषाने मेलेले किडे पिल्लांच्या पोटात जातील. जोराच्या पाण्याने पानं मागून धुवा, उरलेला ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढा. आठवड्याने परत करा. कुंडीची माती मात्र अजून महिनाभर उकरू नका, तेरातली सहा आत असतील.